पानठेल्यापासून उजवीकडे

‘बालाघाट’ एवढी चार अक्षरं टाकली की गाडीतल्या वाट दाखवणाऱ्या यंत्रापुढे पहिला पेच उभा राहतो. कुठलं बालाघाट? मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला वैनगंगेकाठी वसलेलं जिल्ह्याचं गाव, की मराठवाड्यात बीडपासून लातूरकडे पसरलेली डोंगररांग? दोन्हींमधलं हवाई अंतरच पाचशे किलोमीटरांहून जास्त. गोंदियाच्या स्टँडवर कुणी बालाघाट म्हटलं तर तिथल्या माणसाला डोंगर आठवत नाही आणि अंबाजोगाईत म्हटलं तर वैनगंगा आठवत नाही. ऐकणाऱ्याला संदर्भ आपोआप कळतो. यंत्राला तो कळत नाही. मोटार कुठे उभी आहे, आधी कोणी काय शोधलं, यावरून ते अंदाज बांधतं. बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

नाही ठरला तर काय होतं, ते २००९ साली इटलीत दिसलं. एक स्वीडिश जोडपं काप्री बेटावर निघालं होतं. यंत्रात अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते कार्पीला पोहोचले. कार्पी हे उत्तर इटलीतलं कारखान्यांचं गाव, काप्रीपासून साडेसहाशे किलोमीटर लांब. तिथल्या पर्यटन कार्यालयात जाऊन त्यांनी काप्रीची प्रसिद्ध निळी गुहा कुठे आहे म्हणून विचारलं. काप्री हे बेट आहे आणि वाटेत एकदाही समुद्र ओलांडावा लागला नाही, हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही, याचं तिथल्या अधिकाऱ्यांना नवल वाटलं. पण समोरचा आवाज ठामपणे ‘डावीकडे वळा’ म्हणत असला की माणूस समुद्रसुद्धा विसरतो.

बालाघाटातून बाहेर पडणारी माणसं आता गोंदिया-नागपूरवर थांबत नाहीत. पुणे, बंगळूर, मग दुबई, जपान, इंग्लंड, अमेरिका. प्रत्येक ठिकाणी भाड्याची किंवा स्वतःची गाडी आणि काचेशी चिकटवलेला तोच पडदा. यंत्र तेच, डोक्यावरचे उपग्रह तेच. तरी दर देशात ते वेगळं वागतं. कुठे फोन नंबर मागतं, कुठे दहा आकडे मागतं, कुठे मुकाट बसतं आणि कुठे कायद्याच्या कचाट्यात सापडतं. यंत्र बदललेलं नसतं. त्याला त्या देशाने काय शिकवलं आणि काय शिकवायचं नाही असं ठरवलं, तेवढाच फरक असतो.

उपग्रहाचं काम तसं फार थोडं. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात आणि सतत एवढंच सांगतात : मी अमुक, मी इथे आहे, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. गाडीतलं यंत्र फक्त ऐकतं, उलट काही पाठवत नाही. चार उपग्रह ऐकू आले की संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून ते आपलं स्थान काढतं. वरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, असा आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा हिशेब आहे. तो आधीच वळता करून घेतला नसता तर रोज दहाएक किलोमीटरची चूक साचत गेली असती. एवढा सगळा खटाटोप करून हाती येतात ते अक्षांश आणि रेखांश. बालाघाटसाठी २१.८ उत्तर, ८०.२ पूर्व. या आकड्यांत ना चौक असतो, ना गल्ली, ना घर.

ही सोय सामान्य माणसाच्या हाती आली त्यामागे एक शोकांतिका आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ क्रमांकाचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की ही लष्करी यंत्रणा पूर्ण झाली की नागरी वापरासाठी खुली होईल. खुली झाली, पण मुद्दाम अंधुक करून. सैन्याखेरीज इतरांना शंभरेक मीटरच्या चुकीचा संदेश मिळे. हा पडदा २ मे २००० रोजी उठला आणि एका रात्रीत ही चूक वीसेक मीटरवर आली. गाडी महामार्गावर आहे की शेजारच्या सर्व्हिस रोडवर, हे ओळखण्याचा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा गंभीरपणे घेता आला.

त्याआधी मोटारवाले स्वस्थ बसले नव्हते. होंडाने १९८१ साली जपानमध्ये एक यंत्र बाजारात आणलं. त्याला उपग्रहाची गरज नव्हती. आतला वायूवर चालणारा जायरोस्कोप गाडी किती वळली ते मोजायचा आणि छोट्या पडद्यावर चालकाने पारदर्शक नकाशाचा कागद सरकवून बसवायचा. गाव बदललं की कागद बदला. १९८५ साली अमेरिकेत ईटॅक कंपनीचं यंत्र आलं, त्याचे नकाशे कॅसेटवर असत. पुढे उपग्रहांचं ऐकणारी यंत्रं आली, पण नकाशाची मालकी देशोदेशी वाटलेलीच राहिली. दोन हजारच्या दशकात अमेरिकेतल्या नातेवाइकाने कौतुकाने आणलेलं असं यंत्र विदर्भात किंवा महाकोशलात सुरू केलं की गंमत व्हायची. उपग्रह सापडायचे, स्थान अचूक यायचं आणि पडद्यावर करड्या रंगाच्या मैदानात दोन-चार मोठ्या शहरांची नावं. त्याच्या पोटात उत्तर अमेरिकेतल्या गल्ल्या होत्या, भारत विकत घेतलेला नव्हता. भारताच्या गल्ल्या भरायचं काम इथल्याच मंडळींनी केलं. राकेश आणि रश्मी वर्मा यांनी १९९५ साली सुरू केलेली मॅपमायइंडिया ही त्यातली जुनी कंपनी.

नकाशावरचं ‘इथे’ तरी सगळीकडे एक असेल, अशी समजूत असते. तीही पुरती खरी नाही.

त्यासाठी बालाघाटच्या नैऋत्येला, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जावं लागतं. तिथे विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्यांनी भारताचा त्रिकोणमितीय सर्व्हे सुरू केला. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट डोंगरावर, देवळांच्या शिखरांवर चढवत ते उत्तरेकडे सरकत राहिले आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी वारले. त्यांचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेलं आणि १८३० साली पृथ्वीच्या आकाराचं एक गणित मांडलं. पृथ्वी किती फुगीर, किती चपटी, याचे भारताच्या मोजणीला नेमके बसणारे आकडे त्यात होते. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ याच आकड्यांवर निघाले. जीपीएस मात्र साऱ्या जगासाठी एकच सरासरी आकार धरतं. दोन्ही आपापल्या परीने बरोबर. पण जुन्या टोपोशीटवरून रेखांश वाचून तोच यंत्रात टाकला तर मध्य भारतात माणूस शंभर मीटरांहून जास्त बाजूला जाऊन उभा राहतो. तेवढ्यात एक चौक निसटतो.

या टोपोशीटांची शिस्त पाहण्यासारखी आहे. सगळा देश चार-चार अंशांच्या चौकोनांत वाटलेला. बालाघाट शहर ६४ क्रमांकाच्या चौकोनात, त्यातही ‘६४ सी/१’ या पत्रकावर येतं. कटंगी मात्र ५५ क्रमांकात जाते, कारण ८० अंश पूर्व रेखांश वारासिवनी आणि कटंगी यांच्या मधून शेतंभातं कापत उभा जातो. एकाच जिल्ह्यातून निघालेल्या सर्व्हेच्या माणसाला दोन वेगळ्या गठ्ठ्यांतले नकाशे काढावे लागत. आणि नकाशे मिळणं हेही सोपं नव्हतं. सरहद्दीजवळची, किनाऱ्याजवळची पत्रकं सामान्य माणसाला बंदच. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी एक आणि लोकांसाठी दुसरी, अशा नकाशांच्या दोन मालिका केल्या. लोकांच्या मालिकेने एव्हरेस्ट यांचे आकडे सोडून जीपीएसचे धरले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनी भारतीय कंपन्यांना परवान्याच्या कटकटीशिवाय नकाशे करायची मोकळीक दिली.

असाच फरक ग्रीनिचलाही दिसतो. तिथल्या वेधशाळेत पर्यटक शून्य रेखांशाच्या पितळी रेषेवर एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोटो काढतात. ज्याच्या हातात फोन असतो तो चक्रावतो, कारण शून्य रेखांश तिथे येतच नाही. तो शंभर मीटर पूर्वेला, बागेत येतो. यातही कुणाचं चुकलेलं नाही. जुन्या खगोलज्ञांनी जमिनीवरचा ओळंबा धरून रेषा आखली आणि उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतात.

चीनमध्ये हा फरक चुकून आलेला नाही, तो हुकुमाने आलेला आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे प्रत्येक अधिकृत नकाशा एका गुप्त सूत्राने सरकवलेला असतो, जागेनुसार कमी-जास्त, शंभर मीटरांपासून काही शे मीटरांपर्यंत. परदेशातून नेलेलं यंत्र तिथे गाडी नदीत चालल्याचं दाखवतं आणि गाडी असते रस्त्यावर. चिनी कंपनीचं ॲप घेतलं की सगळं जागच्या जागी, कारण त्याचं स्थानही त्याच सूत्राने सरकवलेलं असतं. दक्षिण कोरियाने वेगळी वाट धरली. तपशीलवार नकाशांची माहिती देशाबाहेर नेऊ द्यायला तिथल्या सरकारने २०१६ साली गूगलला नकार दिला. त्यामुळे जगभर ज्याच्या भरवशावर गाडी चालवली त्याने सोलमध्ये वर्षानुवर्षे मोटारीची वाट सांगितलीच नाही आणि पाहुण्यांना नेव्हर किंवा काकाओ या कोरियन ॲपांना शरण जावं लागलं.

स्थान कळलं तरी पत्ता उरतोच. खरी करमणूक पत्त्यात आहे.

जपानमध्ये भाड्याची गाडी घेतलेला बालाघाटचा माणूस पडद्यावर हॉटेलचं नाव टाकायला जातो आणि काउंटरवरचा कर्मचारी नम्रपणे विचारतो, त्यांचा फोन नंबर आहे का? जपानमधल्या बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता म्हणजे आधी मोहल्ला, मग त्यातला ठोकळा, मग ठोकळ्यातली इमारत. इमारतींचे आकडेही रस्त्याच्या क्रमाने लागतील असं नाही. त्यामुळे तिथल्या यंत्रांना शिकवलं गेलं की दुकान, देऊळ, हॉटेल यांचा लँडलाइन नंबर दिला की वाट काढायची. नंबर नसेल अशा धबधब्यासाठी किंवा डोंगरावरच्या वळणासाठी डेन्सो कंपनीचा मॅपकोड, म्हणजे नुसत्या आकड्यांचं सांकेतिक स्थान. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत तिथे पत्त्याशेजारी हे आकडे छापलेले असतात. फोन नंबरावरून घर गाठायचं हे आपल्याकडे उलट्या अंगाने चालतं. आपण नंबर लावतो आणि पलीकडून वाट विचारतो.

नेदरलँड्समध्ये चार आकडे आणि दोन अक्षरांचा पोस्टकोड, जोडीला घराचा क्रमांक, एवढ्यावर यंत्र दारात नेऊन उभं करतं. रस्त्याचं नाव सांगायची गरजही पडत नाही. ब्रिटनमध्ये एक पोस्टकोड सरासरी पंधराएक घरांचा, तेव्हा शेवटची दहा पावलं स्वतः शोधायची. दुबईत जाणाऱ्यांना जुन्या दिवसांची आठवण असते. पत्त्याच्या जागी पोस्टाच्या पेटीचा क्रमांक आणि टॅक्सीवाल्याला सांगायचं, अमुक मशिदीच्या मागे, तमुक सुपरमार्केटसमोर. आता तिथे प्रत्येक इमारतीच्या दाराशी मकानीचा दहा आकडी क्रमांक लावलेली पाटी दिसते. पैसा आणि नगरपालिका दोन्ही हाताशी असले की पत्ता वरून खाली लादता येतो.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाने मात्र बालाघाटच्या माणसाला घरच्यासारखं वाटावं अशी पद्धत टिकवली आहे. राजधानी मानाग्वामध्ये २३ डिसेंबर १९७२ च्या भूकंपाने शहराचा मध्यभाग जमीनदोस्त केला. पण लोकांनी पत्ते बदलले नाहीत. अमुक इमारत जिथे होती तिथून दोन चौक तळ्याकडे, एक चौक वर, असे पत्ते आजही चालतात. तळ्याकडे म्हणजे उत्तर, वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू, खाली म्हणजे मावळतो ती. शेजारच्या कोस्टा रिकात एक अंजिराच्या जातीचं मोठं झाड पडून गेलं तरी लोक त्या झाडापासूनच अंतरं मोजत राहिले.

बालाघाटात घराचे क्रमांक आहेत. नगरपालिकेच्या पावतीवर आहेत, वीजबिलावर आहेत. वाट विचारणाऱ्याला मात्र ते कुणी सांगत नाही. “काली पुतली चौकात ये, तिथून सरळ जाजा भाऊ, पानठेला लागला का उजवीकडे वळजा.” पानठेला बंद असेल तर? “मग कोणालाही विचार, सांगंल.” बंद पडलेल्या टॉकीजच्या मागे, जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर, अशा खुणा गावात बऱ्याच आहेत. त्यातल्या काही जमिनीवर उरलेल्या नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. हनुमान चौकातला दुकानदार वाट सांगताना हात वर करून दिशा दाखवतो, पण उत्तर-दक्षिण म्हणत नाही. भरवेलीकडे, गोंदियाकडे, नदीकडे, असं म्हणतो. मॅंगनीजच्या खाणीचं भरवेली इथल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्की दिशा आहे.

हे यंत्राला शिकवायचा प्रयत्न झाला, आणि तो भारतातच झाला. इतर देशांत ‘दोनशे मीटरवर अमुक रस्त्यावर उजवीकडे वळा’ असं सांगणाऱ्या गूगलच्या नकाशाला २००९ साली भारतासाठी खुणांची भाषा शिकवण्यात आली. पेट्रोल पंप ओलांडल्यावर वळा, देवळाजवळ वळा. भारतातली माणसं रस्त्याचं नाव वापरत नाहीत हे कंपनीच्या लोकांनी इथे हिंडून पाहिल्यावर हा बदल झाला. तरी यंत्राची अडचण उरली आहे. पेट्रोल पंपाची पाटी नकाशात भरता येते, बंद टॉकीज कशी भरणार?

सरकारी बाजूने पत्ता सोपा करायचा मोठा प्रयत्न मराठी माणसाच्या नावावर आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि डाक-तार खात्यातले अधिकारी. त्यांच्या आखणीतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्या आकड्यांत एक गंमत दडलेली आहे. बालाघाटचा पिन ४८१००१, नागपूर-गोंदियाकडचे ४४ने सुरू होणारे. पहिला आकडा दोघांचा एकच, चार. राज्यांच्या सरहद्दी बदलल्या तरी पोस्टाच्या हिशेबात हा सगळा मुलूख एका विभागात राहिला.

सरहद्दींचा इतिहास इथे ताजाच आहे. बालाघाट जिल्हा १८६७ साली मध्य प्रांतात तयार झाला. स्वातंत्र्यानंतर जे मध्य प्रदेश राज्य झालं त्याची राजधानी नागपूर होती आणि बालाघाटकरांना कोर्टकचेरीसाठी नागपूरच जवळचं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली. भंडारा मराठी जिल्हा म्हणून मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आजचा गोंदिया त्याच भंडाऱ्यातून १९९९ साली वेगळा झाला. पुढच्याच वर्षी छत्तीसगड निघालं आणि बालाघाटच्या पूर्वेचे शेजारीही परराज्यातले झाले. मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी एका वाड्यात नांदणाऱ्या या जिल्ह्याला आता दोन राज्यांच्या हद्दी लागून आहेत. भोपाळला जायला रात्र जाते, नागपूरला पोहोचून दुपारचं जेवण करता येतं.

गोंदियाकडे जाताना राजेगावला बाघ नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे हिंदी पाट्या, पलीकडे मराठी. दोन्हीकडे लिपी देवनागरीच, म्हणून बाहेरच्याला फरक चटकन कळत नाही. यंत्राला तर त्याचं सोयरसुतकच नाही. पडद्यावर एक बारीक तुटक रेघ येते आणि मागे जाते. गंमत उच्चारांत होते. इंग्रजी आवाज लावला असेल तर वारासिवनीचं ‘वारासियोनी’ होतं, रोमन अक्षरं जशी दिसतील तसं. हिंदी आवाज लावला तर गाव ओळखीचं वाटतं, पण गोंदियापलीकडच्या मराठी नावांतला ‘ळ’ तो गिळून टाकतो.

उत्तर आयर्लंडमधून आयर्लंडच्या प्रजासत्ताकात शिरणाऱ्याचंही असंच होतं. नाका नाही, शिपाई नाही, डांबराचा रंग तेवढा बदलतो. पण २० जानेवारी २००५ पासून प्रजासत्ताकात वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आहे, उत्तरेत अजून मैलात. पाटीवरचा ऐंशीचा आकडा मैल समजला तर दंड ठरलेला. इथे यंत्र माणसापेक्षा सरस ठरतं. देश बदलला हे त्याला माणसाआधी कळतं आणि ते मापं बदलून मोकळं होतं.

युरोपात सरहद्द ओलांडताना यंत्राला काही गोष्टी विसराव्याही लागतात. वेग मोजणारे कॅमेरे पुढे आहेत हे सांगणं फ्रान्सने २०१२ साली बंद केलं, म्हणून तिथली यंत्रं नुसतं ‘धोक्याचा पट्टा’ असं मोघम सांगतात. जर्मनीत चालकाने गाडी चालवताना अशी सूचना वापरायला मनाई आहे. स्वित्झर्लंड सगळ्यात कडक, तिथे असं यंत्र बाळगणंही गुन्हा आणि पोलीस ते जप्त करतात. म्हणजे पॅरिसहून झुरिकमार्गे म्युनिकला निघालेल्या गाडीतला एकच पडदा एका दिवसात तीन कायद्यांखाली येतो. इजिप्तमध्ये २००९ पर्यंत जीपीएस सामान्य माणसाला बंदच होतं. आपणही यात मागे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला अडवण्यात आलं. तिच्याकडे डोंगरात उपयोगी पडणारं, उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र होतं. नुसतं ऐकणारं जीपीएस भारतात चालतं, उपग्रहाशी बोलणाऱ्याला परवाना लागतो. गिर्यारोहकाच्या दृष्टीने ते जीव वाचवणारं साधन, कायद्याच्या दृष्टीने बिनतारी संदेशाचं यंत्र.

बालाघाटहून बैहरकडे निघालं की घाट लागतो, साग आणि बांबू दाट होत जातात आणि मोबाइलची रेंज जाते. त्या वेळी पडद्याकडे बघावं. निळा ठिपका तसाच असतो, पुढे सरकत असतो, कारण उपग्रहांना मोबाइल टॉवरचं काही देणंघेणं नाही. पण ठिपक्याखालचा नकाशा आधी धूसर होतो, मग रस्त्याच्या कडा तुटतात, शेवटी फिकट चौकोनांच्या जाळीवर तो निळा ठिपका एकटाच चालत राहतो. यंत्राला आपण कुठे आहोत हे मीटरात ठाऊक असतं आणि ते ठिकाण म्हणजे काय, हे अजिबात ठाऊक नसतं. नकाशा घरून उतरवून आणलेला असेल तर निभावतं. बैहरच्या जीपवाल्यांना याचं काही वाटत नाही. त्यांच्याकडे वळणांचा हिशेब असतो.

त्याच रस्त्याने पुढे कान्हाचं मुक्की फाटक येतं. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या कच्च्या वाटा नकाशावर इतर रस्त्यांसारख्याच रेघा असतात. प्रत्यक्षात तिथे ठरलेल्या वेळी, नोंद केलेल्या जिप्सीतून आणि गाइड सोबत घेऊनच जाता येतं. रेघ आहे म्हणजे वाट आहे, असं गृहीत धरणाऱ्याची समजूत फाटकावरचा वनरक्षक घालतो. सगळीकडे असा वनरक्षक उभा नसतो.

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेल्या पुण्याकडच्या मंडळींची गाडी रात्री नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळ पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाचं पाणी वाढलं की तिथला जुना पूल बुडतो, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. नकाशावर तो जवळचा रस्ता होता. दोघं काच फोडून वाचले, एक जण गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेली-बदायूंच्या हद्दीवर रामगंगेच्या अर्धवट तुटलेल्या पुलावरून गाडी कोसळून तिघं गेले. तिथे पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशाच्या कंपनीच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवला. पूल तुटला आहे हे खात्याला माहीत होतं, गावाला माहीत होतं, आडवा लावलेला अडसर पुरेसा नव्हता आणि नकाशावर मात्र त्याची नोंद नव्हती. युरोपातल्या बऱ्याच देशांत रस्ता बंद झाला की रस्ते खात्याची नोंद थेट नकाशावाल्यांकडे जाते. आपल्याकडे वैनगंगेचा पूर पुलावरून गेल्याची बातमी आधी व्हॉट्सॲपच्या गटावर येते, मग पेपरात, नकाशात आली तर आली.

बालाघाटची जुनी ड्रायव्हर मंडळी म्हणूनच दोन्ही डगरींवर हात ठेवून असतात. नागपुरात मॅप लावतात, कारण तिथले उड्डाणपूल दर वर्षी बदलतात. लांजी-किरनापूरच्या बाजूला फोन खिशात जातो आणि काच खाली होते. चहाच्या टपरीवर दोन माणसं वाट सांगतात, तिसरा ती खोडून काढतो, मग तिघांचं एकमत होतं. यात पाच मिनिटं जातात खरी, पण पुढच्या नाल्यावर पाणी आहे का तेही कळतं. केंद्राच्या नियमांनी ऑक्टोबर २०२० पासून गाडी चालवताना लक्ष विचलित होऊ न देता वाट शोधण्यापुरता फोन वापरायला मुभा दिली आहे. टपरीवर थांबायला कोणत्याच नियमाची आडकाठी नव्हती.

मे २०२५ मध्ये भारतीय डाक खात्याने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटला आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत दिला. लॅम्बटनच्या थिओडोलाइटने ज्या मुलखाचे मैलोगणती लांबीचे त्रिकोण केले, तिथे आता अंगणातल्या तुळशीवृंदावनाचाही वेगळा संकेत निघतो. तो स्थानावरूनच तयार होत असल्याने घरमालक बदलला, रस्त्याचं नाव बदललं, जिल्हा दुसऱ्या राज्यात गेला तरी बदलत नाही. दहा अक्षरं पाठ करून पानठेल्यावाल्याला सांगणारा माणूस मात्र गावात अजून दिसलेला नाही.

लग्नसराईत वारासिवनी-कटंगीकडून येणाऱ्या पत्रिका हाती घेतल्या तर एका कोपऱ्यात चौकोनी क्यूआर कोड छापलेला सापडतो. तो स्कॅन केला की यंत्र थेट मंडपाच्या दाराची वाट काढून देतं, पुण्याच्या पाहुण्याला आणि टेक्सासहून आलेल्या आत्येभावालाही. कोडाच्या खाली मामाचा मोबाइल नंबर असतो आणि त्याच्याही खाली, बारीक टाइपात : बस स्टँडपासून सरळ, पाण्याच्या टाकीजवळून डावीकडे.